शाळेत धंदा शिकवावा काय?

महसुली दप्तरात गाव नमुना सात व गाव नमुना बारा ह्यांइतका शेतकऱ्यास परिचित असा दुसरा कागद नाही. नमुना सात जमीन कोणाची हे सांगतो; नमुना बारा त्या जमिनीत कोणते पीक किती क्षेत्रात उभे होते हे सांगतो. परंतु त्या पिकास खर्च किती आला, ते कोणास व कोणत्या भावाने विकले, आणि वर्षअखेर खातेदाराच्या पदरात काय उरले, हे सांगणारा नमुना सरकारी दप्तरात नाही व तो असण्याचे कारणही नाही. तो ज्याचा त्याने आपल्या घरी लिहावयाचा असतो. आमची उमेदीची सारी वर्षे महसुली कचेरीतील कारकुनीत गेली. त्या काळात पहिले दोन नमुने आमच्या हातांखालून किती गेले ह्याची गणती नाही. तिसरा नमुना स्वतःच्या हाताने लिहून ठेवणारे खातेदार मात्र बोटांवर मोजण्याइतकेच भेटले. हा तिसरा नमुना लिहिण्यास, आणि लिहिण्याजोगा व्यवहार हिमतीने करण्यास, आपल्या मुलांस गावच्या शाळेतच शिकवावे, असे आमचे मत आहे. आणि ते सुज्ञ वाचकांपुढे कारणांसह मांडावे एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

'शाळेत धंदा' हे शब्द कानी पडताच आमच्या पुष्कळ बंधूंच्या कपाळास आठी पडते, हे आम्ही जाणतो. विद्या शाळेत आणि धंदा दुकानात, अशी वाटणी आपल्या मनात पिढ्यान्‌पिढ्या झालेली आहे. म्हणून प्रथमच खुलासा करणे इष्ट. उद्यमाचे शिक्षण म्हणजे मुलांच्या हाती तागडी देऊन त्यांस बाजारात बसविणे नव्हे. लोकांस कशाची गरज आहे हे पाहणे. ती गरज भागविणारी वस्तू वा सेवा सिद्ध करणे. त्यासाठी भांडवल उभे करणे. त्याचा चोख हिशेब ठेवणे. नुकसानीचा संभव आधी ओळखणे. आणि दिलेला शब्द दिलेल्या दिवशी पाळणे. ह्या सहा गोष्टींचा अभ्यास म्हणजे उद्यमाचे शिक्षण. ह्या सहांपैकी शेतकऱ्यास अनावश्यक अशी एक तरी आहे काय?

आता आपल्याच मुलखाकडे पाहू. वरसे हे गाव रोहे शहरास लागून आहे. कुंडलिकेच्या ह्या खोऱ्यास जे लाभले आहे ते कोकणात सर्वत्र लाभलेले नाही. भिऱ्याच्या वीजगृहातून सुटलेले पाणी कुंडलिकेस मिळते व डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून कालव्यांनी शेतांकडे वळते. जेथे कालवा पोहोचतो तेथे पावसाळी भाताखेरीज उन्हाळी भातही घेता येते. कोकण रेल्वेचा आरंभ रोह्यास होतो. मुंबईस जाऊन त्याच दिवशी परत येता येते. धाटावची औद्योगिक वसाहत हाकेच्या अंतरावर आहे. दापोलीच्या कृषि विद्यापीठाचे कृषि विज्ञान केंद्र किल्ला येथे, म्हणजे रोह्याच्या शेजारीच आहे. पाणी, वाट, गिऱ्हाईक आणि सल्ला अशी चारही साधने इतकी जवळ असता, शाळेतून बाहेर पडलेल्या मुलास आपण सारे एकच प्रश्न विचारतो, "कोठे लागलास?" "काय सुरू केलेस?" असे विचारणारा अजून आम्हांस भेटावयाचा आहे.

ह्या एका प्रश्नाची किंमत आपण जमिनीने मोजीत आहो. फेरफाराच्या नोंदवहीत एक जोडी आम्ही वारंवार पाहिली आहे: आधी वारसाची नोंद, आणि तिच्या मागोमाग विक्रीची नोंद. बाप गेला, मुलांची नावे लागली, आणि वर्षा-दोन वर्षांत जमीन परक्याच्या नावावर चढली. विकणारा उधळ्या किंवा व्यसनी असतो असे नव्हे. त्याच्या हिशेबी ती जमीन भात पिकविण्याची जागा असते. भात परवडत नाही. मग जमीन ठेवून करावयाचे काय? आलेला पैसा घराच्या बांधकामात, लग्नात व वाहनात जातो, आणि तो तरुण कारखान्यात कंत्राटदाराच्या हाताखाली उभा राहतो. ज्याने ती जमीन घेतली तो तीत चार खोल्या बांधतो, पाहुणे उतरवितो, आणि पुष्कळदा मूळ मालकालाच राखणदार नेमतो. जमीन तीच, पाणी तेच, वाटही तीच. नव्या धन्यापाशी जे अधिक होते ते पैशाइतकेच हिशेबाचे व हिमतीचे होते, हे आपण मान्य केले पाहिजे.

ही जमीन आपल्या वाडवडिलांस सहजासहजी मिळालेली नाही. शेजारच्या अलिबाग तालुक्यात चरी येथील शेतकऱ्यांनी १९३३ सालापासून सुमारे सहा वर्षे खोतांविरुद्ध संप चालविला व त्या काळात उपास सोसले. परंतु माघार घेतली नाही. पुढे १९४९ च्या कायद्याने खोती गेली, आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरून कसणाऱ्या कुळास मालकी मिळण्याची वाट मोकळी झाली. जमीन अशा रीतीने कुळाच्या नावावर झाली. तथापि धान्याची साठवण, भावाची पारख, उधारी-वसुली व हिशेब ही जी खोत-सावकाराच्या हाती असलेली विद्या, ती कोणत्याही कायद्याने कुळाच्या नावावर केली नाही. कायद्यास ते शक्यही नव्हते. ते काम शाळेचे होते, आणि शाळेने ते अद्याप अंगावर घेतलेले नाही.

विचार मात्र जुनाच आहे. महात्मा जोतीराव फुले ह्यांनी १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे जे निवेदन केले, त्यात प्राथमिक शाळेच्या अभ्यासक्रमात मोडी व बालबोध लेखन-वाचनाबरोबर हिशेब आणि शेतीचे प्राथमिक ज्ञान असावे अशी मागणी होती. १९२६ साली नेमलेल्या लॉर्ड लिन्लिथगो ह्यांच्या शेतकी आयोगाने १९२८ च्या आपल्या अहवालात दोन पद्धतींची तुलना केली. एक मुंबई इलाख्यातील लोणीच्या धर्तीची स्वतंत्र शेतकी शाळा. दुसरी पंजाबातील साध्या मिडल शाळेस जमिनीचा तुकडा जोडून शेती हा एक विषय म्हणून शिकविण्याची. आयोगाने कौल दुसरीस दिला. पुढे ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे महात्मा गांधींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली व उत्पादक हस्तव्यवसायाभोवती शिक्षणाची उभारणी करावी असा ठराव झाला. इतके थोर प्रयत्न होऊनही हा विचार सामान्य शाळेत का रुजला नाही? आमच्या मते कारण असे की, पुष्कळ शाळांतून हात चालला पण बाजार आला नाही. मुलांनी सूत काढले, वाफे केले. परंतु ते कोणास विकावयाचे, कितीस विकावयाचे, आणि त्यात काय सुटले, हे प्रश्न वर्गात शिरलेच नाहीत. ज्या कामास गिऱ्हाईक नाही त्याचा मुलांस कंटाळा येतो, व पालकांस ते वेठ वाटते.

ही उणीव ज्यांनी ओळखली त्यांचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग हे हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातील शास्त्रज्ञ. ती नोकरी सोडून ते १९८३ साली पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील पाबळ ह्या अवर्षणप्रवण गावी राहावयास गेले व तेथे त्यांनी विज्ञान आश्रम स्थापिला. गावच्या शाळेतील आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातून एक दिवस हातांनी काम करून शिकावे, अशी त्यांची योजना. तिचे विभाग चार: अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, गृह व आरोग्य, आणि शेती व पशुपालन. 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' ह्या नावाने १९८७ साली माध्यमिक शिक्षण मंडळाने हा विषय मान्य केला, व पुढे तो राज्यातील अनेक शाळांत पोहोचला. डॉ. कलबाग २००३ साली वारले. त्यांचे कार्य चालू आहे.

ह्या योजनेतील दोन गोष्टी आमच्या वाचकांनी विशेष ध्यानात घ्याव्यात. पहिली ही की, शिकविण्यासाठी गावातीलच कसबी माणसे घेतली. गवंडी, लोहार, तारतंत्री ह्यांस मास्तरांच्या बरोबरीने वर्गात उभे केले. दुसरी ही की, मुलांनी केलेले काम खोटे-खोटे नसे. शाळेचे बाक दुरुस्त करावयाचे, कोणाच्या घरी विजेची जोडणी करून द्यावयाची, मातीची तपासणी करावयाची, आणि ह्या सेवेचा मोबदला घेऊन त्याचा हिशेब मांडावयाचा. दिवा लागला नाही तर गिऱ्हाईक दारात येऊन उभे राहते, आणि ती परीक्षा कोणत्याही लेखी परीक्षेहून कडक असते. आश्रमात राहून शिकलेल्या मुलांत शाळा सुटलेली मुलेही होती. त्यांतून पुढे स्वतःची वर्कशॉपे काढणारे निघाले.

परदेशचा एक दाखलाही येथे देण्याजोगा आहे, कारण तो शेतकऱ्यांच्या मुलांचा आहे. अमेरिकेत ओहायो प्रांतात ए. बी. ग्रॅहॅम नावाच्या शाळाधिकाऱ्याने १९०२ साली मुलामुलींचे शेतकी मंडळ काढले. १९१० साली साउथ कॅरोलायना प्रांतात मेरी क्रोमर ह्या शिक्षिकेने मुलींची टोमॅटो-मंडळे सुरू केली. प्रत्येक मुलीने एक दशांश एकर, म्हणजे आपल्या मापाने चार गुंठे, जमिनीत टोमॅटो लावावयाचे, उरलेला माल डबाबंद करावयाचा व विकावयाचा. अशा मंडळांतूनच पुढे फोर-एच ही संघटना उभी राहिली, आणि १९१४ च्या एका कायद्याने तिला सरकारी शेतकी विस्तारकार्याची जोड मिळाली. त्या चळवळीचा कणा होता मुलाची हिशेबवही. वासरू पाळले तर त्याच्या चाऱ्याचा खर्च मुलाने स्वतः लिहावयाचा. आणखी एक गोष्ट तेथे घडली: जे बापास सरकारी अधिकारी सांगून पटले नाही, ते मुलाच्या चार गुंठ्यांतील पीक पाहून पटले.

ह्यावर कोणी म्हणेल की, आपल्या शाळांत ह्यास वेळ कोठे आहे? वेळ सरकारनेच मंजूर केला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांजवळ काम शिकावे असे सांगितले आहे. हे दहा दिवस सहलीत व चित्रे रंगविण्यात घालवावयाचे, की एका हंगामावर पसरून त्यातून पुरा व्यवहार शिकवावयाचा, हे गावाने ठरवावे. आम्ही येथे एक आराखडा सुचवितो. पीक घ्यावे कडव्या वालाचे, कारण भातकापणीनंतर उरलेल्या ओलीवर ते आपल्याकडे येते, त्याचे तंत्र प्रत्येक घरी ठाऊक आहे, आणि गिऱ्हाईक शोधावयास दूर जावे लागत नाही.

पहिल्या दिवशी मुलांनी दोन गुंठे जमीन फितीने मोजावी, तिचा नकाशा काढावा व खर्चाचे अंदाजपत्रक मांडावे. दुसऱ्या दिवशी तीन घरचे बियाणे आणून प्रत्येकाचे शंभर दाणे ओल्या फडक्यात गुंडाळावेत. पुढे किती दाण्यांस मोड आले हे मोजले की बियाण्याची उगवण शेकडा किती ते कळते, आणि गणितातील शेकडेवारी जन्मभर विसरत नाही. तिसरा दिवस पेरणीचा. चौथा व पाचवा निंदणीचा आणि किडीच्या पाहणीचा. ढगाळ हवेत मावा कसा पडतो हे पुस्तकात वाचण्याहून शेंड्यावर पाहिलेले बरे. सहाव्या दिवशी किल्ल्याच्या कृषि विज्ञान केंद्रात जाऊन शंका विचाराव्यात. सातव्या दिवशी रोह्याच्या बाजारात फिरून ओल्या शेंगांचा, सुक्या वालाचा आणि सोललेल्या बिरड्याचा असे तीन भाव टिपावेत. आठव्या दिवशी, पोपटीच्या मोसमात, काही ओल्या शेंगा तोडून विकाव्यात. नवव्या दिवशी सुक्या वालाची मळणी करावी, आणि थोडे वाल आधी भिजवून मोड आणलेले असावेत, ते सोलून बिरडे करावे. दहाव्या दिवशी शाळा व्यवस्थापन समितीपुढे व गावापुढे जमाखर्च मोठ्याने वाचावा.

तीन भाव टिपण्यास सांगतो, त्यात मर्म आहे. एकच वाल ओला विकला तर एक भाव, वाळवून विकला तर दुसरा, आणि मोड आणून सोलून विकला तर तिसरा. हा फरक कोणत्या श्रमाचा, कोणत्या वेळेचा व कोणत्या जोखमीचा, हे मुलांनी स्वतः शोधावे. सोललेले बिरडे एका दिवसात विकले गेले नाही तर आंबते. सुके वाल वर्षभर राहतात. चढा भाव आणि नासाडीचे भय हे एकाच घरात नांदतात, हा धडा दोन गुंठ्यांत दोनशे रुपयांवर शिकलेला स्वस्त पडतो. तोच पुढे दोन लाखांवर शिकावा लागला तर जमीन जाते.

हीच गोष्ट भाताची. २०२५-२६ च्या हंगामासाठी साधारण भाताचा आधारभूत भाव क्विंटलला २,३६९ रुपये ठरला. एक क्विंटल भात भरडले असता सुमारे ६५ किलो तांदूळ निघतो. बाकीचे तूस व कोंडा. म्हणजे भरडाई धरण्यापूर्वी तांदळाचा किलो सुमारे साडेछत्तीस रुपयांस पडला. आता सातवीच्या मुलाने दुकानात जाऊन तांदळाचा भाव विचारावा, आणि मधल्या अंतराचे तुकडे पाडावेत: भरडाई, बारदान, हमाली, वाहतूक, कणीची तूट, दुकानाचे भाडे, उधारी बुडण्याचा धोका, आणि शेवटी नफा. आपण मोठी माणसे हे सारे अंतर 'दलालाने खाल्ले' ह्या दोन शब्दांत गुंडाळून टाकतो. त्यातील किती दलालाचे, किती गिरणीचे आणि किती आपल्या आळसाचे, हे जो मुलगा कागदावर मांडील, तो उद्या भात विकावे की तांदूळ, की त्याचे पोहे करून विकावेत, हे रागाने न ठरविता हिशेबाने ठरवील. रोह्याच्या ह्या भूमीचे सुपुत्र चिंतामणराव देशमुख १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, ह्याचा आम्हांस अभिमान आहे. त्याच भूमीतील शेतकऱ्याच्या घरी किर्द व खतावणी नसावी हे शोभत नाही.

भांडवलाचा धडा घेण्यास तर फार दूर जावयास नको. पेण शहर आणि त्याजवळची हमरापूर, जोहे ही गावे गणेशमूर्तींच्या कारखान्यांसाठी देशभर प्रसिद्ध आहेत. पेणच्या पापडांचेही नाव आहे. मूर्तीचा धंदा आणि भाताचा धंदा ह्यांत एक साम्य आहे: खर्च महिनोन्‌महिने चालतो, आणि वसुली एकदाच होते. तो मधला काळ कारखानदार कसा काढतो, आगाऊ रक्कम किती घेतो, व्याज किती भरतो, न खपलेल्या मूर्तींचे काय करतो, हे आपल्या मुलांनी तेथे जाऊन विचारावे. वीस-पंचवीस मैलांवर अशी पाठशाळा असता आपण मुलांस केवळ मूर्ती पाहावयास नेतो, हिशेब पाहावयास नेत नाही.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की, ही बालमजुरी होईल. आक्षेप गंभीर आहे व त्याचे उत्तर नियमांनीच दिले पाहिजे. चौदा वर्षांखालील मुलास कामावर ठेवणे २०१६ च्या दुरुस्तीने सरसकट निषिद्ध झाले आहे. घरच्या धंद्यात शाळेच्या वेळेबाहेर केलेली बिनधोक मदत हा त्यास एक अपवाद. म्हणून शाळेतील काम दहा दिवसांपुरतेच असावे. भरडाईचे यंत्र, औषधफवारणी व रात्रीचे काम ह्यांस मुलांचा हात लागू नये. आणि कोणत्याही खातेदाराने ह्या निमित्ताने आपल्या शेतातील काम मुलांकडून करवून घेऊ नये. नफा वर्गाच्या खात्यात जमा व्हावा व त्याचा विनियोग मुलांनीच ठरवावा. खाण्याचा पदार्थ विकावयाचा असल्यास अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणीची चौकशी आधी करावी. कायदा पाळून धंदा करणे हाही धड्याचाच भाग आहे.

दुसरा आक्षेप पालकांचा: आम्ही चिखलात राबलो, मुलांनी तरी राबू नये म्हणून त्यांस शाळेत धाडतो, तेथेही वालच लावावयाचे काय? ह्या म्हणण्यातील वेदना आम्ही जाणतो. परंतु शहरातील श्रीमंतांची मुले धंदा शिकू लागली आहेत, आणि सरकारी शाळांतूनही तो शिकविला गेला आहे. दिल्ली सरकारने २०१९ साली आपल्या शाळांत नववी ते बारावीसाठी उद्योजकतेचा अभ्यासक्रम सुरू केला, आणि २०२१ पासून वरच्या वर्गांतील मुलांस गटाने धंदा करून पाहण्यासाठी माणशी दोन हजार रुपयांपर्यंत भांडवल दिले. शेतकऱ्याच्या मुलाने तेवढे हे शिकू नये आणि तेवढी त्यानेच चाकरी करावी, हा न्याय कोठला? शिवाय हिशेब शिकलेला मुलगा डॉक्टर झाला तरी ते शिक्षण फुकट जात नाही.

तिसरा आक्षेप मुलींविषयी निघतो. तो उघड कोणी बोलत नाही, पण वागण्यात दिसतो. २००५ च्या दुरुस्तीने वडिलार्जित मिळकतीत मुलीस मुलाइतकाच हक्क आहे. तिचे नाव सातबारावर चढते, आणि पुष्कळदा हक्कसोडपत्राने तितक्याच लवकर उतरते. जी आपल्या वाट्याच्या जमिनीचे मोल मांडू शकते तिने सही करावी की न करावी हे ती समजून ठरवील. म्हणून ह्या दहा दिवसांत मुलींनी बिरडे सोलावे व मुलांनी पैसे मोजावेत, अशी वाटणी शाळेने होऊ देऊ नये. किर्द आळीपाळीने प्रत्येकाच्या हाती जावी.

चौथा आक्षेप गुरुजींचा. त्यांस अगोदरच पुष्कळ कामे आहेत, ही तक्रार खरी आहे. म्हणूनच हा भार गावाने उचलावा असे आम्ही म्हणतो, आणि येथे आमचे म्हणणे सरळ आमच्या वाचकांशी, म्हणजे खातेदारांशी आहे.

खातेदारांनी चार गोष्टी कराव्यात. एक: शाळेजवळच्या एखाद्या खातेदाराने दोन गुंठे जमीन एका हंगामापुरती, लेखी कराराने व नाममात्र खंडाने, शाळेस द्यावी, खंड एक रुपया असला तरी तो किर्दीत लिहिला जावा. दोन: बीजभांडवल देणगी म्हणून न देता उसने द्यावे. देणगी मुलांस आभार मानावयास शिकविते. उसना पैसा परत करावयास शिकवितो. पीक बुडाले तर परतफेडीची मुदत वाढवावी, परंतु तोटा झाकू नये. तोट्याचा ताळेबंद गावापुढे वाचणारा वर्ग आमच्या मते नफा वाचणाऱ्या वर्गाहून अधिक शिकला. तीन: मुलांचा माल कौतुकाने चढ्या भावात घेऊ नये. बाजारभावानेच घ्यावा, आणि वाईट असेल तर परत करावा. चार: आणि ही सर्वांत अवघड: भातकापणी झाली की गुरे मोकाट सोडण्याची आपली चाल आवरावी. आपल्याकडे दुसरे पीक न होण्यास पाणी नसणे हे जसे कारण आहे तसेच शेजाऱ्याची उनाड गुरे हेही आहे. मुलांचे दोन गुंठे एका रात्रीत गुरांनी खाल्ले, तर ती मुले उद्यमाविषयी जो धडा शिकतील तो पुसण्यास पुढे कोणतेही धोरण समर्थ होणार नाही. आणि मुलांच्या दोन गुंठ्यांसाठी बांधलेली गुरे आपल्याही शिवारातील दुसरे पीक वाचवतील, हा लाभ निराळा.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली, व नमुना बारा भरण्यासाठी शेतकऱ्याने स्वतःच मोबाइलवर पिकाची नोंद करावी असे ठरले. पुष्कळ घरी ही नोंद शाळेत जाणारी मुलेच बापास करून देतात. ज्या बोटांस नमुना बारा भरता येतो त्यांस जमाखर्च भरणे अवघड नाही. कोणी त्यांस वही देऊन बसविले पाहिजे एवढेच.

एका वालाच्या वाफ्याने गावाचे दारिद्र्य फिटेल असे आमचे म्हणणे नाही. शिकलेली सारी मुले कारखानदार होतील असेही नाही. पुष्कळ नोकरीच करतील, व त्यात कमीपणा नाही. परंतु जमीन विकावयाची वेळ आली असता जो वारस आधी कागद घेऊन बसेल, ती ठेवून काय करता येईल व त्यास काय लागेल हे मांडून पाहील, आणि मगच सही करील, असा वारस आम्हांस हवा आहे. मांडून पाहिल्यावरही त्याने विकली तर आमची तक्रार नाही.

भातकापणीस अद्याप अवधी असतानाच ह्याची तजवीज व्हावयास हवी. कापणीनंतर ओल फार दिवस थांबत नाही. वरसे व आसपासच्या गावांतील ज्या खातेदारांस हे म्हणणे पटले असेल त्यांनी शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीस स्वतः जावे, दोन गुंठे कोणाचे, उसने भांडवल किती आणि गुरे बांधण्याची हमी कोणाकोणाची, हे तीन प्रश्न मांडावेत, आणि उत्तरे कार्यवृत्तात नावांनिशी लिहून घ्यावीत. जे नावानिशी लिहिले जाते तेच पार पडते, असा दप्तरातील आमचा अनुभव आहे.